पिठाचे दूध

मोठ्या माणसाशी खोटे बोलू नये हे आपण सगळेच मान्य करतो, निदान तोंडाने तरी. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाशी बोलताना दिवसातून किती वेळा खोटे बोलले जाते याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. 'दुकान बंद झाले', 'उद्या आणू', 'ते खेळणे मोडके आहे', 'रडलास तर पोलीस धरून नेईल' ही वाक्ये घरोघर चालतात. ज्या घरात नित्य हरिपाठ होतो त्या घरातही चालतात. यांना असत्य म्हणावे, की ही नुसती समजूत घालणे झाले? मुलाला नाही म्हणण्याचा आईबापांना अधिकार आहे, यात वाद नाही. वाद आहे तो नाही कसे म्हणावे याचा.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. आषाढीला पंढरपुरात प्रदक्षिणेच्या वाटेवर दोन्ही अंगांनी दुकाने लागतात. बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे, टाळ-चिपळ्या, आणि त्यांच्या शेजारीच प्लास्टिकच्या गाड्या, विमाने, दिवे लागणारी पिस्तुले. मोठ्यांचे डोळे कळसाकडे असतात, पोरांचे गाडीकडे. कीर्तन आटोपल्यावर एक बाई पोराला कडेवर घेऊन आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "महाराज, ह्ये गाडी मागतंय. दोनशे रुपये म्हनतो दुकानदार. माज्याजवळ परतीच्या भाड्यापुरतंच हायेत. मी ह्येला सांगितलं, गाडी मोडकी हाय. तवर दुसऱ्या पोरानं तीच घेतली आन् ती पळाया लागली. आता ह्ये माज्याकडं बघतंय. ह्येचं पाप लागतं का?" त्या गर्दीत जे थोडके सांगता आले ते सांगितले. परंतु प्रश्न मोठा आहे, आणि तो एकट्या त्या माउलीचा नाही. म्हणून थोडा विस्तार करतो.

महाभारतात पाच ठिकाणी बोललेल्या असत्याचे पातक लागत नाही असे एक वचन आहे. थट्टेत, स्त्रियांशी, विवाहप्रसंगी, प्राणावर बेतले असता आणि सर्वस्व लुटले जात असता. पुष्कळ लोक या वचनाचा आधार सोयीने घेतात. ते आदिपर्वात कोणाच्या तोंडी आहे हे मात्र सांगत नाहीत. शर्मिष्ठा ययातीला आपल्या बाजूस वळवू पाहते आहे, आणि त्या भरात ती हे बोलते. म्हणजे वचन कामापुरते काढलेले आहे! पण ते राहू द्या. वचन जसेच्या तसे प्रमाण धरले तरी पाचांच्या त्या यादीत लहान मूल नाही. ज्या शास्त्राने इतक्या ठिकाणी सूट दिली त्याने येथे दिली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, मुलाला कळतच नाही, मग त्याच्याशी सत्य काय आणि असत्य काय? आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. मोठ्या माणसाला शब्दाचे दोन-तीन अर्थ ठाऊक असतात. 'या एकदा घरी' असे कोणी म्हणाले तर तो खरेच बोलावतो आहे की निरोप घेतो आहे हे आपण जाणतो. शास्त्रात शब्दाच्या सरळ अर्थाला अभिधा म्हणतात आणि सरळ अर्थ सोडून घ्यावयाच्या अर्थाला लक्षणा. लहान मुलाजवळ लक्षणा नसते. त्याच्याजवळ सगळी अभिधा. 'उद्या' म्हणजे उद्या.

नामदेवरायांच्या बाळपणीची कथा आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकली आहे. घरच्यांनी सांगितले, देवाला नैवेद्य दाखवून ये. घरच्यांच्या बोलण्यात 'देव जेवतो' ही लक्षणा होती. ताट दाखवायचे, पाणी फिरवायचे आणि घरी घेऊन यायचे. बाळाने सरळ अर्थ घेतला. देव जेवतो म्हणजे जेवतो. तो जेवेना, तेव्हा बाळ तिथेच बसून राहिले, डोके आपटायला निघाले, आणि पांडुरंगाला जेवावे लागले. या कथेत आपण नामदेवांची भक्ती पाहतो ते योग्यच. पण दुसरीही एक गोष्ट पाहावी. मोठ्यांनी सहज उच्चारलेला शब्द मूल किती खरा मानते! त्या वेळी तो शब्द खरा करायला देव धावला. आपण बाजारात 'उद्या घेऊ' म्हणून जो शब्द टाकून देतो तो खरा करायला कोण धावणार?

आता पिठाच्या दुधाकडे येऊ. महाभारतात ही गोष्ट दोनदा आली आहे, आणि दोन्ही वेळा तिचा शेवट वेगळा झाला आहे. आमच्या मते आईबापांनी या दोन कथा एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात.

पहिली द्रोणाचार्यांच्या घरची. ती त्यांनी स्वतःच भीष्मांना सांगितली आहे. श्रीमंतांची पोरे दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. द्रोणांच्या घरी गाय नव्हती. धर्माने मिळेल अशी गाय शोधीत ते हिंडले, मिळाली नाही. इकडे सोबतच्या पोरांनी अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून दिले आणि सांगितले, हे दूध. तो ते प्याला आणि 'मी दूध प्यालो' म्हणत आनंदाने नाचू लागला. भोवतालची पोरे हसली. लोक म्हणाले, धिक्कार असो या दरिद्री द्रोणाचा. ते द्रोणांच्या जिव्हारी लागले. तेथून ते उठले ते बाळपणीचा मित्र द्रुपद याच्याकडे. तिथे त्याने मैत्री नाकारली, मग वैर, मग शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणणे, मग द्रुपदाचा यज्ञ, त्यातून धृष्टद्युम्न, आणि पुढचे सर्व आपणास ठाऊकच आहे. एवढा संहार एका वाटीमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण द्रोण आपल्या अपमानाची गोष्ट सांगताना त्या वाटीची गोष्टही सांगतात, हे व्यासांनी उगीच लिहिलेले नाही. मुलाला जे मिळाले नाही त्याचे दुःख मुलाला नव्हतेच. ते पोर तर नाचत होते. दुःख झाले ते बापाला, आणि तेही लोक हसले म्हणून.

दुसरी कथा अनुशासनपर्वातली, उपमन्यूची. हीही त्याने स्वतः श्रीकृष्णाला सांगितली आहे. आश्रमात गाय दोहताना पाहून त्याने आईजवळ दूधभात मागितला. आईने पाण्यात पीठ कालवून पुढे ठेवले. परंतु या मुलाने पूर्वी एका नातलगाच्या घरी, यज्ञाच्या प्रसंगी, खरे दूध चाखले होते. त्याने वाटी दूर सारली आणि म्हटले, आई, हे दूध नव्हे. आता आईपुढे दोन वाटा होत्या. हेच दूध आहे म्हणून दटावायचे, नाहीतर खरे सांगायचे. तिने मुलाला पोटाशी धरले, त्याचे मस्तक हुंगले आणि सांगितले, बाळा, आपण वनात कंदमुळांवर राहणारी माणसे, आपल्याला दूध कोठून? शंकराच्या कृपेवाचून ते मिळायचे नाही. मुलाने विचारले, शंकर कोण? आणि त्या प्रश्नातून त्याची तपश्चर्या सुरू झाली.

पीठ दोन्हीकडे तेच, गरिबीही तीच. फरक एवढाच पडला की एका मुलाला खरे सांगणारे कोणी भेटले आणि दुसऱ्याला भेटले नाही. उपमन्यूच्या आईनेही प्रथम पीठच कालवले होते, हे विसरू नये. आईचा जीव आहे, ती कालवणारच. पण 'हे दूध नव्हे' असे मूल म्हणाले तेव्हा ती आपल्या खोट्यावर अडून बसली नाही. पंढरपूरच्या त्या माउलीला आम्ही हेच सांगितले, की गाडी मोडकी नव्हती, आपल्याजवळ पैसे नाहीत, असे आता सांग आणि त्याला पोटाशी धर. सत्याबरोबर पोटाशी धरणे हवेच. नुसते सत्य सांगून मुलाला दूर लोटले तर ते मुलाला दगडासारखे लागते.

आता ज्यांच्याजवळ पैसे आहेत त्यांच्याविषयी. ही मंडळी मुलाला 'पैसे नाहीत' म्हणून सांगतात आणि त्याच दुकानात पुढच्या गल्ल्यावर हजाराचे सामान घेतात. मूल ते पाहते. त्यांचे सत्य वेगळे आहे: 'पैसे आहेत, पण ही वस्तू आपण घेणार नाही.' हे म्हणायला गरीबाच्या 'नाहीत'पेक्षा जास्त धैर्य लागते. कारण मग मूल 'का' म्हणून विचारते आणि उत्तर द्यावे लागते.

बाजारात मुलाला नेऊच नये, म्हणजे हट्टाचा प्रश्न नाही, असे म्हणणारेही आहेत. आम्हाला ते पटत नाही. बाजारासारखी शाळा नाही. निघण्यापूर्वी घरीच सांगावे, आज भाजी आणि साखर घ्यायची, खेळणे घ्यायचे नाही. किंवा आज तुझ्यासाठी एक वस्तू घेऊ, दहा रुपयांची, ती तू निवड. एकदा सांगितले की आपणही ते पाळावे. आपण स्वतः यादीबाहेर चार वस्तू उचलतो आणि पोराला मात्र यादी दाखवतो, हे चालायचे नाही. मुलाच्या हातात त्याच्या मापाची एक पिशवी द्यावी. लिंबे त्याच्याकडून मोजून घ्यावी. भेंडी कोवळी कशी ओळखायची, नारळ कानाशी हलवून पाणी कसे ऐकायचे, कोणती कोथिंबीर ताजी, हे त्याच्या हातांना शिकवावे. पूर्वी तराजूचे पारडे खाली-वर होताना दिसे. आता काट्यावर आकडे दिसतात, तर ते आकडे वाचू द्यावेत. पाव किलो, अर्धा किलो, पाऊण, सव्वा, दीड. आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी खडे काढून पाठ केली. ती पाठांतरे आता गेली, परंतु पाव म्हणजे काय हे हाताने उचललेल्या मुलाला अपूर्णांकाची भीती वाटत नाही. पैसे त्याच्या हाताने द्यावेत आणि सुटे परत घेऊ द्यावेत. दुकानदाराला थोडा वेळ लागेल. लागू द्या, मागे उभे असलेले लोकही कधी लहान होते.

घरी आल्यावर मटार सोलणे, राजमा आणि हरभरे मिसळून पुन्हा वेगळे करणे, डब्यांना झाकणे जुळवणे, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे, ही कामे मोठ्यांना कामे वाटतात, चार वर्षांच्या मुलाला तो खेळ असतो. एक सावधगिरी मात्र हवी. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती हरभरे, चिंचोके, गोट्या असे तोंडात मावणारे काही देऊ नये, आणि मोठ्या मुलालाही आपण जवळ बसूनच द्यावे. दाणा नाकात किंवा श्वासनळीत गेला तर प्राणावर बेतते.

येथे एक शंका निघते. मुलाशी खोटे बोलू नये असे आम्ही म्हणतो. मग भातुकलीचे काय? नात मातीचा लाडू पुढे ठेवते आणि म्हणते, "आजोबा, खा." आम्ही खातो, 'वा, तूप छान झाले आहे' म्हणतो. हे असत्य नव्हे काय? पिठाचे दूध वाईट आणि मातीचा लाडू चांगला, असे कसे?

याचे उत्तर न्यायशास्त्रात फार सुंदर सापडते. समोर दोरी असता साप वाटला तर तो भ्रम. दोरी ठाऊक नसते म्हणून साप दिसतो. दोरी कळली की साप जातो. पण वस्तू काय आहे हे पक्के ठाऊक असताना माणूस आपल्या इच्छेने ती वेगळी आहे असे धरतो, त्या ज्ञानाला नैयायिक आहार्यज्ञान म्हणतात. नातीला माती माती म्हणून ठाऊक आहे. खरोखर तोंडात घालू लागलो तर तीच ओरडेल, "अहो, खोटं खोटं खायचं!" आम्हालाही ठाऊक आहे. दोघांनी जाणूनबुजून मांडलेला तो लाडू आहे. अश्वत्थाम्याच्या वाटीत तसे नव्हते. तिथे पोरांना ठाऊक होते आणि त्याला नव्हते. खेळात दोन्ही बाजूंना सत्य ठाऊक असते. फसवणुकीत ते एकाच बाजूला असते. म्हणून बाजारातून परतताना मूल म्हणाले की काडेपेटीचीच आपण गाडी करू, तर खुशाल करावी, तिला भोंगाही द्यावा. पण काडेपेटी देऊन 'ही दुकानातल्यासारखीच आहे, उगी राहा' असे म्हणू नये. पहिले आहार्य, दुसरे पिठाचे दूध.

याच खेळावर हल्ली आणखी एक संकट आले आहे. दुकानात प्रत्येक खोक्यावर लिहिलेले असते की या खेळण्याने बुद्धी वाढते, गणित येते. आईबाप खोके उलटसुलट करून विचारतात, यातून हा काय शिकेल? जणू मूल म्हणजे कारखान्यातला उमेदवार. ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायात प्रश्न येतो, की परमेश्वराला काही मिळवायचे उरले नाही, मग त्याने जग का केले? सूत्रकार उत्तर देतात, केवळ लीला. आचार्य भाष्यात दृष्टान्त देतात, सर्व काही मिळालेला राजा किंवा अमात्य ज्याप्रमाणे दुसरे प्रयोजन न धरता क्रीडा करतो, किंवा श्वास जसा आपोआप चालतो, तसे. इतक्या मोठ्या कोड्याला उत्तर म्हणून शास्त्राला खेळाशिवाय दुसरा शब्द सापडला नाही. त्या खेळाला आपण वार्षिक परीक्षेच्या दावणीला बांधावे काय?

मग खेळातून शिक्षण होत नाही असे आमचे म्हणणे आहे काय? होते, भरपूर होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला, आजच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने, फुले घेतली आणि त्यांवर मुले मोजायला, लावायला, ओळखायला शिकली. मुले शाळेत येईनात, तर शाळा पाड्यातल्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' म्हणतात ती कल्पना तिथली. विष्णुशर्म्यानेही अमरशक्ती राजाच्या मठ्ठ पोरांना पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगूनच सहा महिन्यांत शहाणे केले अशी कथा आहे. परंतु फळ येणे वेगळे आणि फळावर डोळा ठेवून बसणे वेगळे. योजना आखणाऱ्याने फळाचा विचार करावा. खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर तो ठेवू नये. नामस्मरणाचे तसेच नाही का? नामाने चित्त शुद्ध होते हे खरे, पण माळ ओढता ओढता 'किती झाले शुद्ध' म्हणून जो पाहत बसतो त्याची माळही राहते आणि चित्तही.

एक सुभाषित फार ऐकविले जाते, की पाच वर्षे लाड करावे, दहा वर्षे मार द्यावा आणि सोळावे लागले की मित्र मानावे. पाठशाळेत आम्हीही ते घोकले. त्यातल्या मधल्या दहा वर्षांशी आमचे जमत नाही; 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतला मार बंद केला ते उत्तम झाले. पहिल्या पाच वर्षांविषयी एवढेच, की लाड म्हणजे वस्तू नव्हेत. ज्या घरात कपाट भरून खेळणी आहेत तिथे मूल एकही धड खेळत नाही, हे आम्ही कीर्तनाच्या निमित्ताने घरोघर उतरतो तेव्हा पाहतो. चार बाहेर ठेवावीत, बाकीची माळ्यावर टाकावीत, महिन्याने बदलावीत. जुनेच नवे होते.

विकतच घ्यायचे तर पाहून घ्यावे. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते शोधावे. गोल चपटी बटणासारखी बॅटरी असलेले खेळणे, जिचे झाकण स्क्रूने बंद नाही, ते घरात आणू नये. ती बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. अशा वेळी अंगारा-धुपारा न करता तडक दवाखाना गाठावा. सावंतवाडीची पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी, ती लाकडी फळे आणि भाज्या, अजून मिळतात. त्यांत दिवा नाही, आवाज नाही. आवाज मुलालाच काढावा लागतो.

मोबाइलविषयी वेगळा लेख लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले की दोन वर्षांच्या आत पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाहून जास्त नको. आमच्या कीर्तनातही आया मुलाच्या हाती फोन देऊन पुढे बसतात. आम्ही त्यांना म्हणतो, माउली, त्याला टाळ द्या. चुकीचा वाजवील, वाजवू द्या.

वारीच्या वाटेवर विसाव्याला टाळकरी फुगडी घालतात. साठी उलटलेली माणसे, पायांत भेगा, खांद्याला पताका लावून ठेवलेली, एकमेकांचे हात धरून गरगर फिरतात आणि धापा टाकीत हसतात. बायका पिंगा घालतात. रिंगण झाले की उडीचा खेळ रंगतो. भोवती उभी असलेली मुले हे डोळे मोठे करून पाहतात, आणि थोड्या वेळाने तीही एकमेकांचे हात धरू लागतात. यंदा बेलवाडीला एका पोराने आम्हाला ओढले, "आजोबा, चला की." आम्ही उपरणे कमरेला गुंडाळले आणि गेलो.